डीमनहून भुलेश्वरला

त्या उन्हाळ्यात डीमन या डच गावातल्या आमच्या घरातून दर रविवारी एक बस सुटायची. चौथ्या मजल्यावरून, माझ्या छोट्या खोलीतून, माझ्याच पलंगावरून. बस सोडणारी, माणसं मोजणारी, वाटेत चहाला थांबवणारी आणि उशिरा येणाऱ्या बायकांना झापणारी विजूआत्या पलंगावर मांडी घालून बसलेली असे, आणि तिच्यासमोर दोन उशांना टेकवून माझा टॅब्लेट उभा असे. त्यात पुण्यातल्या आपापल्या घरांत कोंडून पडलेल्या तिच्या बायका दिसायच्या. कुणाचं नुसतं कपाळ, कुणाचा पंखा, कुणाच्या खांद्यावरून डोकावणारा नवरा. पुण्यात दुपारच्या चहाची वेळ झालेली असायची. "बसल्या का सगळ्या? जोशीबाई, खिडकी सोडा, मागच्या खेपेलाही तुम्हीच बसला होतात," असं म्हणून ती तोंडानेच दार लावल्याचा आवाज काढायची आणि बस स्वारगेटहून हलायची. मग तासभर आमच्या घरात कात्रजचा बोगदा यायचा, खेड-शिवापूर यायचं, बनेश्वरची गार सावली यायची. खालच्या कालव्यातून एखादी बोट मोठमोठ्याने गाणी लावून गेली तर आत्या बायकांना सांगायची, "शेजारून वऱ्हाडाची गाडी चाललीय, लक्ष देऊ नका."

आत्या आली होती ती आईच्या पाठीच्या ऑपरेशनसाठी, थंडी संपता संपता, परतीचं तिकीट हातात घेऊन. पुण्यात तिचा एकदिवसीय सहलींचा व्यवसाय होता. फक्त बायकांच्या सहली. सकाळी निघायचं, अंधार पडायच्या आत घरी. सिंहगड, लोहगड, पुरंदर, भुलेश्वर, लेण्याद्री, पावसाळ्यात ताम्हिणी. तिने लग्न केलं नव्हतं. माझे बाबा तिच्याहून खूपच लहान. आजी गेली तेव्हा बाबा अजून शाळेतही जात नव्हते आणि आत्या नुकती कॉलेजात गेली होती. तेव्हापासून तिनेच त्यांना वाढवलं. एकटं घरी ठेवता यायचं नाही म्हणून जिथे जाईल तिथे बखोटीला धरून न्यायची, गडावरसुद्धा. ती त्यांना 'पम्या' म्हणायची. ऑफिसात शंभर माणसं ज्यांना प्रमोद म्हणून, तेही अदबीने, हाक मारायची त्या माझ्या बाबांना आमच्या घरात कुणीतरी पम्या म्हणतंय याची मला फार गंमत वाटायची. बाबांना वाटत नसे.

आई अंथरुणावर होती तोवर घरात आत्याचं राज्य होतं. सकाळी जाग यायची ती लाटण्याच्या आवाजाने. डच फुलकोबीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, ताकाला फोडणी, आणि सुरिनामहून आलेल्या लोकांच्या दुकानातून मी सायकलवरून आणलेली हिरवी मिरची, जिच्याबद्दल आत्याचं मत होतं की ही मिरची नव्हे, सूड आहे. आई पडल्या पडल्या म्हणायची, "ताई, तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं?" बाबाही दुसरी पोळी मागून घ्यायचे. तेवढ्यात साथ आली आणि विमानं बंद झाली. शाळा बंद झाली, ऑफिस बंद झालं, आणि आम्ही चौघं त्या घरात एकमेकांच्या पायात पाय घालून राहायला लागलो. आधी सगळ्यांना वाटलं, महिन्याभराचा प्रश्न आहे.

मग आई उठून चालायला लागली, आणि आत्या घरात उरली. हे कुणी तोंडाने म्हटलं नाही. एके दिवशी आत्याचा गोड्या मसाल्याचा डबा स्वयंपाकघरातून गच्चीतल्या कपाटात गेला, कारण घरभर वास बसतो. मग पोळ्या आई करायला लागली, पाठ दुखत असली तरी. आत्या भांडी घासायला उठली की आई म्हणायची, "राहू द्या ताई, मशीन आहे ना." आत्याच्या हातातलं एकेक काम असं अगदी गोड बोलून काढून घेतलं गेलं. ती मग माझ्या खोलीत गादीवर बसून पुण्याला फोन लावायची, आणि अशाच एका फोनवर कुणीतरी बाई रडायला लागली म्हणून तिने तिला फोनवरच सिंहगडावर नेलं. तिथून त्या रविवारच्या सहली सुरू झाल्या.

बाबा कधी आवाज चढवत नसत. ते हसत बोलायचे, आणि त्यांचं हसणं ओळखायला मला बरीच वर्षं लागली. "काय कंडक्टर, आज कुठलं देऊळ पावलं?" "ताई, डिझेल परवडतं का गं?" आत्याही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "परवडतं रे. तुझ्यासारखा एक पॅसेंजर कमी झाला की वजन हलकं होतं." आई ताटात बघत जेवायची. बाबांचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर थाटलेलं असे आणि त्यांच्या कॅमेऱ्यात मागचं स्वयंपाकघर यायचं. एकदा आत्या गाऊनवर, केस बांधलेले, पाणी प्यायला त्यांच्या मागून गेली. पलीकडून एका सहकाऱ्याने हसून काहीतरी विचारलं. बाबा इंग्रजीत म्हणाले, "अं, त्या आम्हाला घरकामात मदत करतात." मी सोफ्यावर होते. आत्या फ्रिजचं दार धरून उभी होती. तिला इंग्रजी नीट कळायचं. तिच्या बसमध्ये कधीकधी परदेशी बायकाही असायच्या. ती पाणी प्यायली, पेला विसळून ठेवून खोलीत गेली. संध्याकाळी जेवताना मात्र अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "पम्या, पगार महिन्याचा देणार की आठवड्याचा?" बाबांचा घास हातातच राहिला. मला हसू आलं आणि आईने टेबलाखालून मला पाय मारला.

नलूताईंबद्दल सांगायला हवं. आत्याच्या व्यवसायात पहिल्या सहलीपासून तिच्यासोबत असलेली ही बाई, तिची मैत्रीण आणि मदतनीस. सहलीचं सगळं खाणं नलूताई करायच्या: तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, लसणाची चटणी, बरणीभर ताक. गडाच्या पायथ्याशी बस थांबली की बायका उतरायच्या, आत्या पुढे व्हायची, आणि नलूताई मागे राहायच्या. चाळीस बायकांच्या पर्सेस, चपला, औषधं, खाण्याचे डबे सांभाळायला कुणीतरी हवंच ना. मी लहानपणी पुण्यात असताना एकदा सहलीला गेले होते तेव्हाही त्या बसच्या पायरीवर बसून पंख्याने वारा घेत होत्या, मला पुरी दिली आणि म्हणाल्या, "जा, वर जाऊन ये, आणि काय काय पाहिलंस ते मला येऊन सांग." मी आले तेव्हा सांगायचं विसरले होते.

डीमनच्या कडेला, पाण्याजवळ एक जुना किल्ला आहे. किल्ला म्हणजे गवत उगवलेला उंचवटा, त्याच्या पोटात विटांच्या काही खोल्या, भोवती पाणी आणि पाण्यात बदकं. जुलैमधल्या एका संध्याकाळी मी आत्याला तिकडे चालत नेलं. ती उंचवट्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हा किल्ला? रेवे, आमच्याकडे याला बांध म्हणतात." तरी ती वर चढली, भोवताली पाहिलं, आणि तिथूनच तिने नलूताईंना व्हिडिओ लावला. विटांच्या खोल्यांतून फोन फिरवला, तोफेची जागा दाखवली, काय माहीत नव्हतं ते दडपून ठोकून दिलं. नलूताई तोंडाला पदर लावून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अगं विजे, हा मी आतून पाहिलेला पहिला किल्ला."

आत्या मोठ्याने हसली. "काहीतरीच काय बोलतेस? जन्म गेला आपला गडांवर."

"तुझा गेला. मी बसमध्येच होते की."

हे त्या काही टोचायला बोलल्या नव्हत्या. पण आत्याने लगेच फोन आवरला आणि आम्ही घरी आलो. जेवताना तिने ही गोष्ट आईला सांगितली, विनोद म्हणूनच सांगितली, आणि बाबा खूप वेळ हसले. "म्हणजे लोकांना गड दाखवणाऱ्या बाईने आपल्या मैत्रिणीला वीस वर्षं पार्किंगमध्ये ठेवलं. वा!" आत्या हसली नाही. मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदा बाबांचा बाण नेमका लागला, आणि तो कुठे लागतो हे त्यांच्या लक्षात राहिलं.

पुढच्या रविवारी बस लोहगडाला निघाली. लोहगड आला की विंचूकाटा येणार, आणि विंचूकाटा आला की आत्या एक गोष्ट सांगणार, हे तिच्या बायकांना पाठ होतं. गडाची ती लांब, अरुंद सोंड. दोन्ही बाजूंना खोल दरी. लहानगा पम्या तिथे मधोमध बसला तो उठेचना. डोळे मिटून, दगडाला मिठी मारून, "आई, आई" करत. आणि मग चड्डी ओली. आत्याने त्याला पाठीवर घेऊन आणलं आणि गडावरच्या ताकवालीने त्याला आपल्या नातवाची चड्डी दिली, लाल, फुलाफुलांची. आत्या ही गोष्ट नक्कल करून सांगायची, त्या लहान मुलाच्या आवाजात हुंदके देऊन. त्या दिवशी उकाडा भयंकर होता. डच घरांत पंखे नसतात. सगळ्या खिडक्या, सगळी दारं उघडी होती. वीस बायका एकदम हसल्या तो आवाज टॅब्लेटमधून घरभर गेला. मी वळून पाहिलं तर बाबा दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

बायका गेल्यावर ते म्हणाले, "ताई, ही गोष्ट परत सांगायची नाही."

"का? खोटी आहे का?"

"या घरात नाही सांगायची."

"घर तुझं," आत्या उशा सरळ करत म्हणाली, "गोष्ट माझी."

आता इतक्या वर्षांनी तो क्षण मला वेगळा दिसतो. आई गेल्यावर वर्षाच्या आत आईला हाका मारत दगडाला मिठी मारणारं पोर. आणि त्याची बहीण ते वीस वर्षं, दर पावसाळ्यात, चाळीस चाळीस बायकांना हसवायला वापरते. आत्यावर माझं फार प्रेम होतं. पण तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि ज्यांना तिने पाठीवरून वाहिलं त्यांच्यावर तिचा हक्क कधी संपतच नसे.  बाबांनी मग नियम केला: सहल रविवारीच, दार लावून, तासाभराच्या वर एक मिनिट नाही. आठवड्यात त्यांची कामं असतात.

ऑगस्टमध्ये पुण्यात घराघरांत आजार शिरला. आत्याच्या पडद्यावरचे चौकोन कमी व्हायला लागले. कुणी आजारी, कुणाचा नवरा आजारी, एकीचं नाव नुसतं घेतलं जाई आणि सगळ्या गप्प होत. मग नलूताईंची मुलगी, स्मिता, हिचा फोन आला. नलूताईंना ताप होता, दम लागत होता, कुठल्याच रुग्णालयात जागा मिळत नव्हती. स्मिताने कुठून तरी ऑक्सिजनचं सिलिंडर आणून घरीच लावलं होतं. "मावशी, ती घाबरलीय. सारखी म्हणतेय, विजीला सांग मला भुलेश्वरला ने. देऊळ आतून बघायचंय म्हणते. करशील का गं? आजच?"

तो मंगळवार होता. बाबांच्या ऑफिसात त्या उन्हाळ्यात माणसं कमी करायचं चाललं होतं आणि त्याच दुपारी बाबांना वरच्या लोकांसमोर आपलं काम मांडून दाखवायचं होतं. सकाळपासून ते इस्त्रीचा शर्ट घालून घरात येरझाऱ्या घालत होते. आत्या त्यांच्याकडे गेली. "पम्या, नलू बरी नाही. मी खोलीत दार लावून हळू बोलेन. अर्धाच तास."

"चारनंतर कर."

"चारला पुण्यात सात-साडेसात होतील. तोवर तिचं काय होईल सांगता येत नाही."

बाबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. "चारनंतर," ते म्हणाले. आई ओट्याशी कांदा चिरत होती. तिची सुरी थांबली, आणि पुन्हा चालायला लागली.

आत्याने खोलीत येऊन दार लावलं, खिडकी लावली, आणि मला म्हणाली, "रेवे, लाव." बाकीच्या बायकांनाही कळलं होतं, त्या आपापले आवाज बंद ठेवून नुसत्या बसून होत्या. मधल्या चौकोनात नलूताई. तोंडावर मास्क, केस विस्कटलेले, एकदम लहान दिसणारा चेहरा. आत्याने त्या दिवशी दाराचा आवाज काढला नाही. हळू, कानात बोलल्यासारखं बोलत होती. हडपसर गेलं. लोणी गेलं. उरुळी, यवत, मग उजवीकडे वळण. "आता घाट लागला, नले. तुला मळमळतं ना इथे, लिंबू घे तोंडात." नलूताईंची मान किंचित हलली. "आली बस. आता ऐक. आज पिशव्या ड्रायव्हर बघेल. तू उतर."

मी आत्याच्या शेजारी घामाने निथळत बसले होते. ती त्यांना एकेक पायरी चढवत होती. मध्ये थांबवून वारा खायला लावत होती, खालची शेतं दाखवत होती. हा इथल्या जुन्या किल्ल्याचा बुरूज, आता त्याचे दगड तेवढे उरलेत. हे देवळाचं दार, बाहेरून पाहिलं तर देऊळ वाटणारच नाही असं. "चपला काढ. दगड गार लागतोय ना? आता आत अंधार आहे. एकदम बाहेरच्या उन्हातून आलीस, थोडा वेळ काही म्हणता काही दिसणार नाही. भिंतीला हात लाव. भिंतीवर सगळं कोरीव काम आहे, बोटांना लागेल."

"विजे," नलूताईंचा आवाज मास्कमधून आला, "काही दिसत नाहीये."

"दिसेल. थांब जरा. मी आहे."

दार उघडलं. बाबांच्या कानात अजून त्यांचा इअरफोन होता. "बंद कर. नेट पुरत नाहीये, माझं चित्र अडकतंय तिकडे."

आत्याने हात वर केला. "पाच मिनिटं रे. नलू आहे. तिला श्वास लागलाय."

"मग दवाखान्यात न्या. देवळात काय नेतेस?"

"पम्या, पाया पडते तुझ्या."

हे शब्द मी आत्याच्या तोंडून आधी कधी ऐकले नव्हते, नंतरही नाहीत. बाबा आत आले. मला वाटलं ते ऐकणार. ते वाकले, पडद्यावर सगळ्या बायका आहेत हे त्यांनी पाहिलं, मधला चौकोनही पाहिला, आणि त्यांचं ते नेहमीचं हसू हसून, अगदी सभ्य आवाजात म्हणाले, "नलूताई, वीस वर्षं बसमध्ये बसलात ना? अजून थोडा वेळ बसा." मग त्यांनी टॅब्लेट उचलला, मिटला, आणि काखेत धरून बाहेर गेले. जाताना दार लावून घेतलं. पलीकडे जेवणाच्या टेबलावर त्यांनी इंग्रजीत माफी मागितल्याचं आणि पुढे बोलायला लागल्याचं मला ऐकू आलं.

आत्याचे हात तसेच पुढे होते, टॅब्लेट धरल्यासारखे. मी माझा फोन काढला आणि तिला दंडाला धरून उठवलं. आम्ही जिन्याने खाली सायकली ठेवायच्या खोलीत गेलो, तिथे नेटवर्क मिळेना म्हणून कालव्याकाठी आलो. उन्हाळ्याची सुट्टी होती. पोरं पुलावरून पाण्यात उड्या मारत होती, ओरडत होती. स्मिताचा फोन लागेना. लागला तेव्हा ती धापा टाकत होती. "मावशी, तिला खोकल्याची उबळ आलीय, थांबत नाहीये. एका ठिकाणी जागा मिळालीय, गाडी खाली आलीय. नंतर बोलते."

"काही म्हणाली का गं?"

"विचारत होती, विजी पुढे गेली का म्हणून."

रुग्णालयात फोन चालू देत नव्हते, नातेवाइकांना सोडत नव्हते. आठवडा उलटायच्या आत नलूताई गेल्या. स्मितालासुद्धा चेहरा पाहायला मिळाला नाही. बाबांचं त्या दिवशीचं काम छान झालं होतं. त्यांची नोकरी टिकली.

बातमी आली त्या संध्याकाळी आत्या रडली नाही, बाबांवर ओरडली नाही. मी तर वाट बघत होते तिने ओरडावं म्हणून. ती बाहेर आली, तोंड धुतलं, पानं घेतली, आणि बाबा टेबलाशी बसल्यावर म्हणाली, "भात वाढू का आपल्याला?"

बाबा हसले. "हे काय नवीन नाटक?"

"आपल्याला आधी पोळी हवी असेल तर पोळी वाढते."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. "आपली मीटिंग संपली का? मला पाणी घ्यायचं होतं." "आपण बसा, मी उठते." आईशी ती पूर्वीसारखीच बोलायची, माझ्याशी तर जास्तच मायेने. फक्त ज्या भावाचं नाक तिने पुसलं होतं त्याच्याशी ती एखाद्या बँकेतल्या साहेबाशी बोलावं तशी बोलायला लागली, आणि त्यात टोमण्याचा स्वर नव्हता. टोमणा असता तर बाबांनी परतवला असता. पहिले काही दिवस त्यांनी थट्टा केली, मग ते चिडले, मग त्यांनी आत्याला आवडतो म्हणून कुठून तरी आमरसाचा डबा पैदा करून आणला. आत्या म्हणाली, "आपण उगीच त्रास घेतलात." आईने एकदा मध्ये पडून पाहिलं. "ताई, पुरे आता. जेवत नाहीयेत ते नीट." आत्या तिला म्हणाली, "अगं, मी काय वाईट बोलले का त्यांना?" आणि खरंच, ती एक शब्दही वाईट बोलली नव्हती.

एका संध्याकाळी बाबा माझ्या खोलीच्या दारात आले. मी अभ्यास करत होते, आत्या गादीवर चादरीची घडी घालत होती. "ताई," ते म्हणाले, "चुकलं माझं."

आत्याने घडी पूर्ण केली. "आपलं कसं चुकेल? आपलं काम महत्त्वाचं होतं."

बाबा तिथेच उभे राहिले. मी पुस्तकात मान घातली. माझ्यापुढे माझ्या बाबांचा चेहरा असा कधी आला नव्हता आणि मला त्याची दया आली नाही. त्या वयात दया इतकी स्वस्त नसते. मला वाटलं, बरं झालं.

शरद ऋतूत खास विमानं सुटायला लागली आणि आत्याला जागा मिळाली. विमानतळाच्या आत फक्त प्रवाशांना सोडत होते, त्यामुळे निरोप बाहेर, गाड्या थांबतात तिथेच. पाऊस भुरभुरत होता. आत्याने मला जवळ घेतलं, मास्कमधूनच माझ्या केसांचा मुका घेतला. आईला म्हणाली, "पाठ सांभाळ गं." मग बाबा खाली वाकले आणि तिच्या पायांवर डोकं टेकवलं, भर रस्त्यात, ओल्या फरशीवर गुडघे टेकून. आमच्या मागच्या गाडीतला माणूस टक लावून बघत होता. आत्याने त्यांना नमस्कार करू दिला. त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "शतायुषी व्हा आपण."

"ताई, कानाखाली मार," बाबा उठता उठता म्हणाले.  "वाट्टेल त्या शिव्या घाल. लोहगडाची गोष्ट सगळ्या जगाला सांग. पण एकदा पम्या म्हण."

आत्याने बॅगेचा दांडा वर ओढला. "आपण निघावं," ती म्हणाली. "मागे गाड्या खोळंबल्यात." आणि ती काचेच्या दारातून आत गेली. तिने मागे वळून पाहिलं, हात हलवला. मला आणि आईला.

परिस्थिती निवळल्यावर तिने पुण्यात सहली पुन्हा सुरू केल्या. मी मोठी झाले, नायमेखनला शिकायला गेले, तिथे नोकरी धरली, आणि सुट्टीत तिच्याकडे जाऊन राहायचे. ती माझ्याशी तासनतास बोलायची, बाबांचा विषय मी काढला तर ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मी त्यांच्यावर रागावलेली नाही गं." मी एकदा तिला म्हटलं की आता पुरे, ते म्हातारे झालेत.  "मला जमत नाही रेवे," ती म्हणाली. "तोंडात येतच नाही. मी करून बघितलं." तिला खरंच जमत नव्हतं की जमवून घ्यायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

दर भाऊबीजेला तिचा फोन मात्र यायचा. एकही वर्ष चुकली नाही. बाबा त्या दिवशी सकाळपासून नवा शर्ट घालून, दाढी करून बसायचे. पहिली काही वर्षं ते फोनवर "ताई, मी पम्या बोलतोय" असं मुद्दाम म्हणायचे, आणि पलीकडून यायचं, "हो, ओळखलं आपल्याला." पुढे त्यांनी ते म्हणणं सोडलं. शेवटच्या भाऊबीजेला मी डीमनलाच होते. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. आत्याचा आवाज थकलेला होता. फोन मोठ्या आवाजावर होता म्हणून मला ऐकू येत होतं.

"आपली प्रकृती कशी आहे?"

"बरी आहे," बाबा म्हणाले. "तुमची?"

मी वळून पाहिलं. ते सरळ बसले होते, दोन्ही हातांनी फोन धरून, एखाद्या मोठ्या माणसाशी बोलावं तसे.

"माझीही बरीच म्हणायची. आपण काळजी घ्या."

"हो. तुम्हीही घ्या."

त्यांनी फोन ठेवला, शर्टाचं वरचं बटण काढलं, आणि आईला विचारलं की आज जेवायला काय आहे.